बुधवारची सायकल

गोपिकाबाई झाडे आमच्या घरामागे राहायला आल्या त्या दिवसापासून मला त्यांचा संशय होता. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून मी कोणी मोठी न्यायी बाई होते असं कोणाला वाटायला नको.

१९७२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. नागपूरच्या नंदनवनात तेव्हा घरं विरळ होती, मध्ये मध्ये मोकळे प्लॉट आणि त्यांवर रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर रुखमाबाईंच्या घराची मागची भिंत, आणि त्या भिंतीला लागून एक खोली. रुखमाबाई एकट्या, कानानं कमी, पुढच्या दोन खोल्यांत राहायच्या. मागची खोली त्यांनी या बाईंना दिली. बाई भिवापूरकडच्या, मिरचीच्या वावरात वाढलेल्या, आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. वय चाळिशीचं. कपाळाला कुंकू नाही. नवरा गेला की सोडला की झालाच नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि रुखमाबाईंनी विचारलं नाही. मी विचारलं. तर म्हणाल्या, "त्याच्यानं खोलीले काही फरक पडते का वं ताई?"

त्या रात्री मी वहीत लिहिलं : नवी बाई उर्मट आहे. काहीतरी लपवते.

वहीचं सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी रोज वही लिहिते. आज कोणता नैवेद्य, नळ किती वाजता आला, कोणाकडे कोण पाहुणं, कोणता अभंग म्हटला. आमच्या मारुतीच्या देवळात बायकांचं भजन मंडळ होतं आणि ते मी चालवत होते, त्यामुळे पन्नास घरांचं येणं-जाणं माझ्या कानावर यायचं. कोणाचं बारसं कधी झालं, मागच्या वर्षी देवळाला रंग कोणत्या महिन्यात दिला, असा वाद निघाला की माणसं म्हणायची, "यमुताईच्या वहीत पाहा." आमचे हे, मनोहरराव, सदरला एका कचेरीत कारकून. ते म्हणायचे, "अवं, आमच्या हापिसातल्या फायलीपेक्षा तुझ्या वहीवर लोकांचा भरवसा जास्त." मला ते आवडायचं.

बाई देवळात येत नसत. हनुमान जयंतीलासुद्धा नाही. पण शनिवारी संध्याकाळी, नेमक्या आमच्या भजनाच्या आधी, आठ-दहा मुली त्यांच्या खोलीत जमायच्या, आणि दार आतून लावलेलं. आधी मी मनाला समजावलं की गणित शिकवत असतील. माझी उत्तरा तेव्हा सातवीत. तीही जायला लागली. एके शनिवारी मी पडवीत वाती वळत बसले होते आणि त्या खोलीतून ओरडा आला. सगळ्या मुली एका सुरात : "खोटारडी. खोटारडी." मग कोणाचं तरी रडणं. मग पुन्हा तेच.

मी वाती तशाच टाकून गेले आणि दार ठोठावलं. बाईंनी उघडलं. मध्ये माझी उत्तरा उभी, डोळे पुसत, आणि तिच्या पुढ्यात पितळेचा तांब्या, तोंडावर फडकं बांधलेला. बाकीच्या पोरी गोल करून बसलेल्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"शिकून राहिल्या," बाई म्हणाल्या. "बसा ना."

मी बसले नाही. उत्तराला हाताला धरून घरी आणलं. तांब्यात काय होतं, ते विचारलं.

"मागच्या शनिवारी लिंबू होतं."

 शनिवार, बंद दार, फडकं बांधलेला तांब्या आणि आत लिंबू. याचा अर्थ आमच्याकडे कोणालाही विचारा. मी मीठ-मोहरी घेऊन तिची दृष्ट काढायला उठले तशी पोर हसायला लागली.

"अगं आई, तसलं काही नाही. बाई तांब्यात एक वस्तू ठेवतात. एकीलाच दाखवतात. मग बाकीच्या सगळ्यांनी ओरडायचं, कांदा आहे, कांदा आहे, तू खोटारडी. जिनं पाहिलं तिनं ओरडायचं नाही, रुसायचं नाही. नुसतं म्हणायचं, लिंबू आहे, मी पाहिलं. बाकीच्या थकेपर्यंत."

"आणि तू रडलीस कशाला?"

"आज माझी पाळी वेगळी होती. मला बाईंनी दाखवलंच नव्हतं. सगळ्या म्हणत होत्या, सांग, सांग, तुला माहीत आहे. मला म्हणायचं होतं, मी पाहिलं नाही. ते जास्त कठीण आहे, आई. मी शेवटी कांदा म्हटलं."

"मग?"

"मग बाई म्हणाल्या, पुढच्या शनिवारी पुन्हा."

आता ही कसली शाळा? पाढे नाहीत, श्लोक नाहीत. पोरींना मोठ्यांपुढे अडून बसायला शिकवायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं. त्यातून उत्तराला नवीनच खोड लागली. मी म्हणावं, पलीकडच्या घरातली सून माहेरी निघून गेली म्हणे, की ही विचारणार, "आई, हे तू पाहिलंस का ऐकलंस?" एकदा मी लाटणं उगारलं. तेव्हा म्हणाली, "लाटणं मात्र मी पाहिलं." हे जेवता जेवता इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी वहीत लिहिलं : बाई पोरींना बिघडवते आहे. लक्ष ठेवायला हवं.

आणि मी लक्ष ठेवलं. पहाटे साडेचारला उठून मी चूल पेटवते, आंघोळीचं पाणी ठेवते. श्रावणातल्या एका गुरुवारी पहाटे खिडकीतून पाहते तर बाईंच्या खोलीच्या भिंतीला एक सायकल टेकलेली. पुरुषी सायकल, मधल्या दांडीची. आंघोळ, पूजा आटोपून सहा-सव्वासहाला पाहिलं तर सायकल नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आदल्या संध्याकाळी मी आरतीला देवळात जायचे, तेव्हा नसायची. परत येईस्तो अंधार. आणि पहाटे पाहावं तर उभी. चार आठवडे मी हे पाहिलं. चारही वेळा वहीत नोंद केली. आणि नोंद काय केली? "बुधवार. तिच्याकडे मनुष्य आला. पहाटेपर्यंत होता." सायकल हा शब्द लिहिलाच नाही. काय गरज? सायकल आली म्हणजे माणूस आलाच.

आणि ही गोष्ट मी पोटात ठेवली असंही नाही. भजनाला जमलेल्या दोघी-तिघींना सांगितली. "कोणाला सांगू नका," असंही सांगितलं.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष मधुकरराव, त्यांच्या अरुंधतीला पाहायला अमरावतीचे लोक यायचे होते. मधुकररावांचा शब्द म्हणजे आमच्या भागात शेवटचा शब्द. मंडळाला देवळाचा सभामंडप त्यांनीच दिला होता. पोहे करायला मला बोलावलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी दारात उभी राहून ऐकलं आणि पाहिलं.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "शिक्षण किती?"

मधुकरराव म्हणाले, "मॅट्रिक झाली यंदा."

अरुंधतीच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. ती थांबली. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. म्हणाली, "नाही बाबा. गणितात राहिली. ऑक्टोबरले बसून राहिली."

मधुकरराव हसले. "पोर थट्टा करते."

"थट्टा नाही," अरुंधती म्हणाली. "मार्कशीट मी पाहिली."

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, पोहे छान झाले म्हणून मला निरोप पाठवला, आणि पुन्हा आले नाहीत. अरुंधतीसुद्धा दर शनिवारी त्या बंद खोलीत जायची, हे मला माहीत होतं. मधुकररावांना माहीत नव्हतं. मीच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सांगितलं, आणि बुधवारचंही सांगून टाकलं.

दोन दिवसांत ठरलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे अर्ज जाणार : चारित्र्य संशयास्पद असलेली बाई मुलींच्या शाळेत नको. रुखमाबाईंनाही सांगणार की खोली रिकामी करा. अर्जासोबत साक्ष हवी, कारण संस्थेचे अध्यक्ष नुसत्या सह्यांवर ऐकणारे नव्हते. साक्ष म्हणजे माझी वही. रविवारी चार वाजता सभामंडपात मोजकी माणसं बसणार, बाईंनाही बोलावणार, मी वाचून दाखवणार, वर कमिटीच्या सह्या.

आदल्या दिवशी उत्तरानं मला विचारलं, "आई, तो माणूस कसा होता?"

"तुला काय करायचंय?"

"नाही, तू पाहिलास म्हणून विचारलं."

मी तिला कणीक मळायला बसवलं.

रविवारी मी नवं लुगडं नेसून गेले, हे कबूल करते. वहीला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून नेलं. मारुतीसमोर सतरंजी घातली होती. कमिटीची सात-आठ माणसं, मागे मंडळातल्या बायका, खांबाला टेकून आमचे हे. गोपिकाबाई एका बाजूला, पांढऱ्या-निळ्या सुती लुगड्यात, हात मांडीवर. त्यांनी आत येताना मारुतीला नमस्कार केला नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मधुकरराव म्हणाले, "बाई, तुमच्याकडे बुधवारी रात्री पुरुषमाणूस मुक्कामाला राहतो, अशी तक्रार आहे."

"कोणी नाही येत," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे लेखी आहे."

"ज्यानं पायलं त्यानं सांगावं मंग."

"यमुताई, वाचा. फक्त बुधवारचं वाचा."

मी वाचलं. चारही नोंदी. आवाज माझा भजनाचा, मंडपात घुमला. मागून कोणीतरी "राम राम" म्हटलं. मधुकररावांनी पेनाचं टोपण काढलं. आणि तेवढ्यात कमिटीतले एक म्हातारे, ज्यांना सगळं नीट लिहिलेलं लागतं, म्हणाले, "वर्णन घालू या. कसा होता? उंच का ठेंगणा?"

मी वहीकडे पाहिलं. वहीत काही नव्हतं.

"धोतर होतं का पँट?"

"आपल्या भागातला का बाहेरचा?"

"सांगा ना यमुताई. तुम्हाला तं सगळं माहीत असते."

मागच्या बायकाही म्हणायला लागल्या, "सांगा, सांगा. भ्यायचं नाही." खरं लिहिते, 'धोतर' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. अगदी ओठाशी. त्या एका शब्दानं सगळे खूश झाले असते, आणि धोतर नेसणारा पुरुष नागपुरात कुठेही सापडतो. वीस वर्षं देवापुढे टाळ वाजवणाऱ्या माझ्या तोंडात खोटं किती सहज तयार होऊन बसलं होतं, त्याची मला त्या क्षणी भीती वाटली. पण भीती वाटली म्हणून लगेच धीर आला असंही नाही.  सगळीकडून "सांगा, सांगा" चाललेलं, आणि मला तो फडकं बांधलेला तांब्या दिसत होता. पोर म्हणाली होती, ते जास्त कठीण आहे.

"मी पाहिला नाही," मी म्हटलं.

"काय?"

"माणूस मी पाहिला नाही."

मधुकरराव शांतपणे म्हणाले, "अक्षर तुमचंच ना?"

"अक्षर माझंच. मी सायकल पाहिली. भिंतीला टेकलेली. चार वेळा. माणूस माझ्या मनानं लिहिला."

"यमुताई, अर्थ तर तोच होतो."

"होत असेल. पण पाहिली सायकल."

ते थोडे पुढे वाकले. "विचार करून बोला. पुढच्या शनिवारी मंडपात भजन ठेवायचं की नाही, तेही कमिटीला ठरवायचं आहे."

मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. त्यांची मदत होणार नाही हे समजलं. मी पुन्हा म्हटलं, "पाहिली सायकल." आवाज बारीक निघाला, पण निघाला.

तेव्हा गोपिकाबाई पहिल्यांदा हलल्या. "सायकल होय? आता समजलं. थे सायकल तं मी आणतो. शाळेच्या शिपायाची. बुधवारी थो इतवारी भागात पोरीकडे मुक्कामी जाते, सायकल शाळेतच राह्यते. हाती धरून आणतो अंधार पडल्यावर, अन् पहाटे मागच्या प्लॉटात चालवून पाह्यतो. शिकून राहिली मी."

 मंडप हसायला लागला.

"या वयात?" मधुकररावांनी विचारलं. "कशाला?"

"पुलापल्याडच्या वाठोड्याच्या पोरी शाळेत येत नाही. लांब पडते त्यायले. तं आपण जावं म्हणलं."

"चालवून दाखवता?"

"येत नाही ना अजून," बाई म्हणाल्या. "पडतो."

कोणालाही ते खरं वाटलं नाही. मलाही नाही. इतकं सोयीचं उत्तर इतक्या चटकन कोणाकडे असतं? मधुकररावांनी त्या दिवशी सह्या घेतल्या, पण तीनच मिळाल्या. म्हाताऱ्यांनी सही केली नाही. वर्णन नाही तर साक्ष नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्ज गेला आणि साक्ष नाही म्हणून परत आला. बाईंची नोकरी राहिली, खोलीही राहिली.

 घरी आल्यावर दाराशी चप्पल काढताना हे म्हणाले, "आधी सायकल लिहिली असती तर?"

"लिहिली नाही ना," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी पहाटे मी उठले. सायकल होती. आंघोळ केली, देवघरात दिवा लावला, पण मन लागेना. सहाच्या सुमारास, उजाडता उजाडता, सायकल हलवल्याचा आवाज आला. पूजा अर्धी सोडून उठले, जन्मात पहिल्यांदा. ओलेत्या केसांनी मागच्या प्लॉटाच्या कडेला झुडपाआड जाऊन उभी राहिले. मनात होतं, आता माणूस दिसेल. दिसावा, असंही कुठेतरी वाटत होतं.

बाईंनी लुगड्याचा काचा मारला होता. मधल्या दांडीखालून पाय घालून, लहान पोरं चालवतात तशी कैची मारत त्या चालल्या होत्या. दहा हात गेल्या आणि झुडपात कोसळल्या. उठल्या, कोपराची माती झटकली, पुन्हा चढल्या. पुन्हा पडल्या. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "आल्याच हाय तं मागून धरा जराशी."

मी गेले आणि कॅरिअर धरलं. विचारलं, "दिवसा का नाही शिकत? लपूनछपून कशाला?"

"पोरी पाह्यतीन ना. हासल्या तं हासू दे, पण पडली का उचलाले धावतीन. मंग येते का शिकता?"

त्या दिवशी पूजा आठ वाजता झाली. वहीत लिहिलं : गुरुवार. गोपिकाबाई सायकलवरून दोनदा पडल्या. पाहिलं.

त्या शनिवारी मंडपाला कुलूप होतं. बायका म्हणाल्या, आता थोडे दिवस राहू द्या यमुताई. ते थोडे दिवस मग सहा वर्षं चालले. मंडळ पुढे दुसऱ्या बाईंकडे गेलं. मी घरीच देवासमोर म्हणायला लागले. टाळ एकटीनं वाजवला की फार पोकळ वाजतो. या गोष्टीचं मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. आजही, देवळावरून जाताना भजन ऐकू आलं की माझ्या पायांचा वेग आपोआप कमी होतो.

अरुंधती ऑक्टोबरात गणितात सुटली. मधुकररावांनी पेढे वाटले, आमच्याकडे सोडून. गोपिकाबाई दिवाळीनंतर खरोखरच सायकलनं वाठोड्याला जायला लागल्या. शाळा सुटली की दोन तास तिथल्या एका गोठ्याच्या ओसरीवर मुली जमवायच्या. लोक पुलाशी थांबून पाहायचे. उत्तराला मी शनिवारी पुन्हा पाठवलं. ती अजून तांब्यापाशी अडते की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आमची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. सात वर्षं समोरासमोर राहिलो, वाटीभर साखर कधी इकडून तिकडे गेली नाही. देवाला त्या का मानत नाहीत, कपाळ का मोकळं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून थोडा संशय राहिलाच. एकदा मात्र राहवलं नाही. १९७९ च्या उन्हाळ्यात त्या भिवापूरकडच्या शाळेत बदली घेऊन निघाल्या, रिक्षात ट्रंक चढवली, वर तो पितळेचा तांब्या. मी जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं ना," मी विचारलं, "मी खिडकीतून पाहते, लिहिते ते?"

"होय तं. पहाटे तुमच्या खिडकीतच तं उजेड राहे."

"मग एकदा तरी म्हणायचं होतं, यमुताई, ही सायकल माझी."

त्यांनी ट्रंकेची दोरी ओढून पाहिली. "म्हणलं असतं तं तुमी काय लिवलं असतं?"

मी रिक्षा वळणाशी जाईपर्यंत उभी होते. मी काय लिहिलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं : कोणी न विचारता सफाई देते, म्हणजे मनात चोर आहे.